दुपारी अडीचच्या मालिका नक्की कोणासाठी असतात?

कडुनिंब

पाय प्लास्टरमध्ये आहे, महिनाभर घरूनच काम. हाक मारली तर ऐकू जावी म्हणून खोलीचं दार उघडं ठेवते. त्यामुळे दुपारचा टीव्ही आयुष्यात पहिल्यांदा सलग कानावर पडतोय.

आमच्याकडचं दृश्य असं. दोनपर्यंत जेवणं उरकतात. आई (वय ७१, निवृत्त मुख्याध्यापिका, एम.ए. बी.एड.) सोफ्यावर येऊन बसते. भांड्यांना येणाऱ्या मावशी ओटा पुसून, पदराला हात पुसत बाहेर येतात आणि फरशीवर भिंतीला टेकून बसतात. अडीचला मालिका सुरू. दोघी एकमेकींशी अक्षर बोलत नाहीत, पण मालिकेतल्या सुनेशी दोघीही बोलतात. "अगं सही करू नकोस!" हे दोन्ही बाजूंनी एकदम येतं.

परवा कॉलवर पाठीमागून हा आवाज गेला. सहकारी हसून म्हणाली, "अगं, ते दुपारचं सगळं कामवाल्या बायकांसाठीच असतं." मी काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी आई फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "मी कुठली बघायला! मावशींना आवडतं म्हणून लावते." दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आजींना एकटं वाटतं म्हणून बसते हो. नाहीतर मला मेली कुठे सवड?"

म्हणजे माझ्या घरात ही मालिका कोणीच बघत नाही. मग हे बनवणारे कोणासाठी बनवतात? कोणाला माहीत आहे का?

टवाळ_कार्टा

रुमाल टाकून ठेवतो. शंभरी गाठणारा धागा आहे. चहा कोण टाकतंय?

गोटीसोडा

मी मालिका बघत नाही. बायको बघते तेव्हा मी तिथे पेपर वाचत असतो.

(ती फाईल दिरानेच पळवली आहे, लिहून ठेवा.)

प्लॅनर_पंत

सोळा वर्षं जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग केलं आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आमच्याकडे 'वर्ग' हा शब्द कोणी उच्चारत नाही, 'टीजी' म्हणतात, टार्गेट ग्रुप. पण टीजीच्या आत वर्गच बसलेला असतो. पूर्वी शहरी घराचा दर्जा दोन गोष्टींवर ठरायचा, मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि त्याचा व्यवसाय. २०११ पासून नवी पद्धत आली, एनसीसीएस, म्हणजे न्यू कंझ्युमर क्लासिफिकेशन सिस्टिम. व्यवसाय गेला, शिक्षण राहिलं आणि जोडीला अकरा वस्तू आल्या. वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि स्वतःची शेतजमीन. यातल्या किती आहेत ते मोजायचं, शिक्षणाच्या रकान्याशी जुळवायचं, की ए१ ते ई३ या बारा खणांपैकी एका खणात तुमचं घर जाऊन पडतं.

आता दुपार. दुपारच्या दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर प्राइम टाइमपेक्षा बराच कमी असतो, म्हणून पूर्वी वाहिन्या दुपारी रात्रीचे भाग पुन्हा दाखवायच्या किंवा पाककृती लावायच्या. हल्ली स्टार प्रवाहसारख्या वाहिनीने दुपारी नव्या मालिका चालवून दाखवल्या. 'आई कुठे काय करते' २०२४ मध्ये संध्याकाळवरून दुपारी अडीचला आणली, आठवत असेल. जाहिरातदाराचं गणित सोपं आहे. किराणा, साबण, मसाले, केसांचं तेल कुठलं घ्यायचं हे जिच्या हातात आहे, ती दुपारी एकटी सापडते. टीव्ही घरात एकच असेल, तर रिमोट तिच्या हातात असण्याचे तेवढेच दोन तास.

माधुकरी

पंत, मी हिशोब केला. अकरापैकी नऊ आल्या. मोटार विकली आणि शेतजमीन भाऊबंदकीत अडकली आहे. दावा जिंकलो तर एक खण वर सरकेन का?

प्लॅनर_पंत

निकाल लागेपर्यंत पद्धतच बदलेल.

चिंगी

एक शंका. मुख्य कमावता म्हणजे घरातला पुरुषच ना?

प्लॅनर_पंत

नाही, घरखर्चाला सगळ्यात जास्त पैसे देणारी व्यक्ती. बाई असली तर बाई.

चिंगी

म्हणजे अडीच वाजता टीव्हीसमोर बसलेल्या बाईचा दर्जा कोणावरून ठरतो? तर त्या वेळी ऑफिसात असलेल्या माणसाच्या डिग्रीवरून! कडुनिंबच्या आईंची एम.ए. बी.एड. त्यात कुठेच नाही, कारण आता घर चालवते कडुनिंब. आणि मावशींचं तर त्या घरात खातंच नाही. कोण काय बघतंय ते नोंदवणाऱ्या मीटरच्या रिमोटवर घरातल्या माणसांची बटणं असतात. भांडी घासून भिंतीला टेकलेल्या बाईचं बटण कुठलं?

नंदादीप

राग आला तर येऊ दे, पण स्पष्ट लिहिते. अल्फा मराठीच्या काळात, म्हणजे १९९९-२००० च्या सुमारास, मालिकांतली माणसं आपल्यासारखी बोलायची, नोकऱ्या करायची, पुस्तकं वाचायची. २०१५ मध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ग्रामीण घरंही मोजायला घेतली आणि तिथून पातळी उतरली. ज्यांना जे झेपतं तेच त्यांच्यासाठी बनणार. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही, हा बाजार आहे.

टवाळ_कार्टा

अपमान करण्याचा हेतू नाही, असं लिहिलं की काम झालंच.

भाऊ_गिरणगाव

नंदादीपताई, पातळी उतरली हे आम्ही १९९४ मध्येही ऐकलंय. तेव्हा दूरदर्शनवर दुपारी 'शांती' सुरू झाली होती. श्रीमंतांच्या हवेलीत जाऊन ठाण मांडणारी पत्रकार मुलगी, सोमवार ते शुक्रवार रोज. रोज दुपारी मालिका ही कल्पनाच नवी होती. त्याआधी दुपारी यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम असायचे, १९८४ पासून. इंग्रजीतून अणुरेणू. माझी आजी तेही बघायची. "तो बुवा चांगला बोलतो," म्हणायची. अक्षर कळत नव्हतं. म्हणजे सरकारला वाटायचं दुपारी घरात विद्यार्थी असतो, साबणवाल्यांना वाटलं दुपारी घरात बाई असते. साबणवाल्यांचं बरोबर निघालं.

आमची लालबागची चाळ, खोली दहा बाय बारा. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, त्यानंतर वडिलांची गिरणी धड सुरू झालीच नाही. आई खाणावळ चालवायची. रंगीत टीव्ही मजल्यावर एकच, बँकेतल्या काकांकडे. बसण्याची जागा कोणी ठरवून दिलेली नव्हती, पण ठरलेली होती. बँकेच्या काकू खाटेवर. त्यांच्या बरोबरीच्या, म्हणजे ज्यांचे नवरे पगारावर होते त्या, आत चटईवर. आई आणि खाणावळवाल्या बाकीच्या बायका उंबऱ्याबाहेर, गॅलरीत, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन. निवडता निवडता बघायच्या. उन्हाची तिरीप काचेवर आली की गॅलरीतल्यांना काही दिसायचं नाही. मग आतली एखादी सांगायची, "आता रडतेय बघ."

तेव्हा कार्यक्रम एकाच वर्गासाठी असतो हे काही खरं नाही. खाट, चटई आणि गॅलरी तिन्ही बघत होत्या, फक्त जागा वेगळ्या.

माधुकरी

भाऊ, काय लिहिलंय! "आता रडतेय बघ" वाचून थांबलोच.

सोलापुरी_चादर

दुपारचा खरा प्रेक्षक बघायचा असेल तर सोलापूरला या. घरोघरी विडी वळणाऱ्या बायका. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची आणि दुपारभर मांडीवर सूप ठेवून विड्या वळायच्या. नजर बोटांवर लागतच नाही, बोटं आपोआप चालतात. म्हणून टीव्ही. माझ्या आत्याच्या गल्लीत तुम्ही दुपारी चालत गेलात तर एकाच मालिकेचा आवाज घरामागून घर ऐकू येतो, एक संवाद तुटत नाही.

पण गंमत पुढे आहे. त्यातल्या निम्म्या घरांत मराठी मालिका नसतेच. पद्मशाली समाजाची घरं, घरात तेलुगू बोलतात, टीव्हीही तेलुगू. तेव्हा ही 'मराठी गृहिणी' कोण, हे आधी कोणीतरी ठरवा.

आणि गावाकडचं म्हणाल तर दुपारी शेतमजूर बाई घरी असतेच कुठे? ती सकाळी गेली की दिवस कलल्यावर येते. २००५ ते २०१० चं भारनियमन आठवा, दुपारी लाइटच नसायची. "ग्रामीण भागामुळे दुपारची पातळी उतरली" म्हणणाऱ्यांनी भर उन्हात एकदा खुरपायला जावं.

नंदादीप

मी दुपार म्हटलंच नव्हतं, एकूण मालिकांबद्दल बोलत होते. शब्द तोंडात घालू नका.

म्हापश्याचो

दुपारी फक्त बायका असतात हे गोव्यात चालायचं नाही. आमच्या बाजारातली बरीच दुकानं एक ते चार बंद. शीत-कडी जेवून दुकानदार लुंगी लावून आडवा होतो, रिमोट त्याच्या पोटावर. माझे मामा हार्डवेअरवाले, मालिकेतल्या तिन्ही जावांची भांडणं त्यांना तोंडपाठ. विचारलं तर म्हणतात, "डोळे मिटून होतो."

बाय द वे, रेटिंगच्या तक्त्यात आमची बाजारपेठ 'महा/गोवा' अशी लिहितात. आम्ही त्या तिरप्या रेघेच्या पलीकडे बसलेलो.

गोटीसोडा

मामांना माझा नमस्कार सांगा. मीही पेपरआडून डोळे मिटूनच असतो.

लंडनस्थित_लसूण

इथे ब्रिटनमध्ये 'डेटाइम टीव्ही' हे शब्दच टोमण्यासारखे वापरतात, म्हणजे बेकार, आजारी नाहीतर म्हातारा. बीबीसीने दिवसाचं नियमित प्रक्षेपण १९८६ च्या ऑक्टोबरात सुरू केलं. त्यात 'नेबर्स' ही ऑस्ट्रेलियन मालिका दुपारी दीडला लागायची, गृहिणींसाठी म्हणून. ती शाळकरी पोरांनी इतकी उचलून धरली, की १९८८ पासून संध्याकाळी पाच पस्तीसला पुन्हा दाखवायला लागले. म्हणजे कोणासाठी बनवलं आणि कोणी पळवलं!

दुसरं टोक म्हणजे सकाळचा 'जेरेमी काइल शो'. गरीब घरांतली भांडणं स्टुडिओत आणून सोडवायचे, निदान म्हणायला सोडवायचे. २००७ मध्ये मँचेस्टरच्या एका न्यायाधीशाने त्याला अस्वलावर कुत्री सोडण्याच्या खेळाचा मानवी अवतार म्हटलं होतं. तरी तो २०१९ पर्यंत चालला, भाग घेतलेल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर बंद झाला. तेव्हा मी एका रुग्णालयात रात्रपाळीला असायचे. सकाळी घरी येऊन हाच कार्यक्रम लावून टोस्ट खायचे. मधल्या जाहिराती अंत्यविधीच्या विम्याच्या, सोबत पेन फुकट. माझं वय एकोणतीस. जाहिरातदाराच्या हिशोबात मी कुठे बसत होते कोण जाणे.

चिंगी

लसूणताई, 'वेळ कोणाची कशी जाते' यावर सगळं आहे असं वाटायला लागलंय. वर्ग वगैरे नंतर.

डेक्कन_ते_दांडेकर

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण "कामवाल्या बायकांसाठी" हे वाक्य पहिल्याच पोस्टमध्ये आलं, म्हणून लिहितो.

माझी आई पुण्यात चार घरची धुणीभांडी करायची. सकाळी सातला दांडेकर पुलाजवळच्या आमच्या खोलीतून निघायची आणि अडीच-तीनला परत. आली की आधी पाणी भरणं, मग आमची जेवणं, पुन्हा पाचला संध्याकाळची दोन घरं. यात 'दुपारची मालिका' कुठे बसते ते दाखवा. ती दुपारी मालिका बघायची ती दुसऱ्याच्या घरी, काम करताना, आणि बघायची म्हणजे ऐकायची. तोंड बेसिनकडे, पाठ टीव्हीकडे.

तरी तिला प्रत्येक मालिका माहीत होती. पहिल्या घरी सकाळी नऊला रात्रीच्या भागाचं पुनःप्रक्षेपण. तिथे अर्धा भाग झाला की धुणं वाळत घालायला गच्चीवर. राहिलेला अर्धा तिसऱ्या घरच्या आजी पोळ्या लाटताना सांगायच्या. शुक्रवारचा भाग कायम बुडायचा, कारण शुक्रवारी चौथ्या घरी पाहुणे. ती सोमवारी अंदाजाने जोडून घ्यायची आणि तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

२००७ मध्ये आमच्याकडे टीव्ही आला, सेकंडहँड. आईने रोजच्या मालिकेतली खलनायिका पहिल्यांदा डोळ्यांनी नीट पाहिली. म्हणाली, "आगं बया, एवढीशी बारीक हाय होय ही! आवाजावरून मी धिप्पाड समजत हुते." तीन वर्षं ऐकत होती तिला.

नंदादीपताई, पातळी उतरली म्हणता, तर पूर्वी फक्त तुम्हालाच मोजत होते एवढंच त्याचं कारण असेल. आणि एक राहिलं. मालिकेतली कामवाली कायम विनोदी का असते हो? कमरेला पदर, हातात झाडू आणि गावठी बोली. आई तेवढ्या प्रसंगाला हसायची नाही. नळ मोठा सोडायची.

नंदादीप

हे वाचल्यावर माझं वरचं वाक्य मला पुन्हा वाचवेना. मूळ मत अजून तेच आहे, पण "ज्यांना जे झेपतं" हे चूक होतं. मागे घेते.

भाड्याचा_संवादलेखक

डेक्कन, तुमच्या आईंसाठी मी लिहिलं आहे, शब्दशः. दोन दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले, नावं सांगत नाही. पहिल्याच बैठकीत वाहिनीच्या बाईंनी सांगितलं होतं, "मिक्सर चालू असताना कळलं पाहिजे." म्हणून आमची पात्रं बोलतात ना, "बाबा, तुमच्या हातात हे घराचे कागद कसे?" बाबांच्या हातात कागद दिसत असतात. तुम्ही सगळे यावर विनोद करता. पण ते वाक्य बघणाऱ्यासाठी नसतंच, बेसिनकडे तोंड असलेल्या माणसासाठी असतं.

धक्का बसला की तीन वेळा तोच चेहरा, ढॅण ढॅण ढॅण. त्याचंही तेच. पहिल्या ढॅणला हातातलं पातेलं खाली ठेवायचं, दुसऱ्याला मान वळवायची, तिसऱ्याला चेहरा बघायचा. अर्थात भागाची वीस-बावीस मिनिटं भरायची असतात हेही आहेच, मी काही संत नाही.

कामवाल्या पात्राबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे बचाव नाही. "रिलीफ पाहिजे" अशी सूचना यायची आणि तो रिलीफ कधी घरच्या मालकावर काढायचा नसायचा.

माधुकरी

मग बंगला का? बघणारा एक खोलीत, चाळीत नाहीतर टू बीएचकेत, आणि मालिकेत दिवाणखान्यातून जिना वर जातो. कोणाच्या घरात असतो असा जिना?

भाड्याचा_संवादलेखक

जिन्याचं कारण अगदी साधं. एक पात्र वर उभं राहून खालच्यांचं बोलणं चोरून ऐकू शकतं. वन रूम किचनमध्ये चोरून ऐकायला जागाच नसते, सगळ्यांना सगळं ऐकू येतंच.

भाऊ_गिरणगाव

हे मात्र शंभर टक्के खरं.

चिंगी

अवांतर: दुपारच्या पाककृती कोणाला आठवतात? केकची कृती सांगताना वाक्य ठरलेलं, "ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी कुकरमध्ये तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून ठेवायचं." आमच्या घरी ओव्हन नव्हता. त्या वाक्याला आई वही उघडायची. त्याआधीचं सगळं 'त्यांच्यासाठी', तिथून पुढचं आमच्यासाठी.

म्हापश्याचो

कुकरातला केक खालून करपतो.

चिंगी

मीठ कमी पडलं असणार.

सोलापुरी_चादर

आधी कुकर रिकामा तापवून घ्यायचा. दहा मिनिटं. गॅस्केटपण काढायची, नाहीतर वितळते.

टवाळ_कार्टा

पाककृती विभाग शेजारच्या गल्लीत आहे. इथे वर्गसंघर्ष चालू आहे.

लंडनस्थित_लसूण

गॅस्केटचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. आता कळलं माझा कुकर का गेला.

कडुनिंब

सगळ्यांचे आभार. दोन दिवस आले नाही कारण प्लास्टर काढलं. पाय बरा आहे.

डेक्कन यांची पोस्ट आईला वाचून दाखवली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अडीचला तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून सोफ्याशेजारी आणली आणि मावशींना म्हणाली, "इथे बसा." मावशी म्हणाल्या, "नको हो आजी, मला भिंतच बरी. पाठ टेकता येते." आता खुर्ची तिथेच मधे पडली आहे, येता-जाता मला लागते. काल त्यावर आईने वाळलेले कपडे ठेवले.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर थोडं सापडलं. आज आई आत गेल्यावर मावशींनी मला हळूच सांगितलं, की मुलाच्या मोबाइलच्या रिचार्जबरोबर ते ॲप फुकट आलंय आणि त्यावर भाग टीव्हीच्या आधीच येतो. त्या आदल्या रात्रीच बघून ठेवतात. "सही करू नकोस" म्हणून आईबरोबर ओरडतात, तेव्हा तिने सही केलेली त्यांना माहीत असते.

मी म्हटलं, मग पुन्हा कशाला बघता?

"आजींना सांगू नका हं," म्हणाल्या. "त्यांना वाटतं मला त्याच दाखवतात."

गोटीसोडा

फाईल दिरानेच पळवली ना? मावशींना विचारून सांगा. एका मित्राला हवंय.